बाबा, तुमच्याकडे अजून ऊन कसं?

पत्र थोडक्यात असं आहे (नाव, गाव, पल्टन सगळं काढून टाकलंय):

सातारा जिल्ह्यातले एक हवालदार, वय ३७, युनोच्या मिशनवर सध्या दक्षिण लेबनॉनमध्ये आहेत. घरी आई, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. आई ६६ वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या चालू, वडील तीन वर्षांपूर्वी गेले. निघताना आईला टेन्शन नको म्हणून "राजस्थानात पोस्टिंग आहे" असं सांगितलं, मुलांनाही तेच. खरं फक्त बायकोला आणि धाकट्या भावाला माहीत. वाटलं होतं वर्षाचा तर प्रश्न, परत आल्यावर सांगू. पण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिकडे इस्रायल आणि हिजबुल्लाचं युद्ध पेटलं. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल केला तर मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे अजून ऊन कसं?" आई शेजारीच बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. यांनी नेट गेलं म्हणून फोन कट केला आणि तेव्हापासून व्हिडिओ कॉल बंद, साधा कॉल तीन-चार दिवसांनी, तोही दोन मिनिटं, कारण काय बोलावं सुचतच नाही. बायको म्हणते मला हे झेपत नाही, सासूबाईंसमोर बातम्या लावायची चोरी झालीय. भाऊ म्हणतो आता सांगितलंस आणि आईला काही झालं तर ते तुझ्या डोक्यावर. मध्ये धाकटा मुलगा डेंग्यूने चार दिवस ॲडमिट होता, ते यांना पंधरा दिवसांनी भावाकडून कळलं, बायकोवर खूप चिडले. आता विचारतात, आईला खरं सांगू का, की सुट्टीवर येईपर्यंत असंच चालू ठेवू? आणि घरच्यांना नक्की किती सांगायचं असतं?

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या खिडकीतल्या उन्हापाशी थांबले. आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे तुमच्याकडे दुपारचे साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे अडीच तासांचा फरक आता साडेतीनचा झालाय. तुम्ही मागचे आवाज सांभाळले असणार, भिंतीवर काही दिसत नाही ना ते बघितलं असणार, पण ऊन कुठे लपवणार, आणि नऊ वर्षांच्या पोरीच्या नजरेतून तर नाहीच. राजस्थानातही एक नोव्हेंबरला सातला काळोखच असतो, हे तिला आज ना उद्या शाळेत कुणीतरी सांगेलच.

आधी हे सांगते की तुम्ही आईंना फसवलंत असं मला अजिबात वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी ज्या बाईचा नवरा गेलाय तिला अजून एक घोर नको, एवढंच तुमच्या मनात होतं. आपल्याकडे मिलिटरीवाल्यांच्या कितीतरी घरांत हे चालतं, आमच्याही घरात चाललं. म्हणून तेच आधी सांगते, मग तुमच्या प्रश्नाकडे येते.

माझे वडील १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. फोनबिन काही नव्हता, केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे लष्कराच्या टपालाचा पत्ता, आणि पत्रं. आजीला वाचता येत नव्हतं म्हणून तिला पत्र वाचून दाखवायचं काम माझं. आई आधी पत्र वाचायची आणि मला पेन्सिलने बारीक खुणा करून द्यायची, हे वाचायचं, हे गाळायचं. कुणी जखमी झालं, कुणी गेलं, रात्रभर गोळीबार चालू होता असल्या ओळी गाळायच्या आणि पाऊस, जेवण, मुलांनो अभ्यास करा एवढं वाचायचं. आजी पत्र हातात घ्यायची, उलटंपालटं करायची आणि म्हणायची, "एवढं भरून लिवलंय आनि लगीच संपलं?" मी म्हणायचे अक्षर मोठं आहे गं आजी. पुढे मी कॉलेजात असताना एकदा तिने सहज सांगितलं की पोस्टमन चावडीपाशीच तिला गाठून पत्र फोडून वाचून दाखवायचा, सगळंच्या सगळं, आणि मग ती ते घरी आणून आईच्या हातात द्यायची. पत्र फोडलेलं असायचं ते आम्हाला वाटायचं मिलिटरीवाल्यांनी तपासायला फोडलं असेल. मी विचारलं मग बोलली का नाहीस, तर म्हणाली तुझ्या आईला वाटत होतं मला कळलं नाही, म्हटलं तिच्या जिवाला तेवढीच एक काळजी कमी. म्हणजे बघा, अडीच वर्षं एकाच चुलीपुढे बसून दोघी वेगवेगळ्या रडल्या, एकमेकींना दिसू नये म्हणून. वडील सुखरूप आले, पण त्या अडीच वर्षांत त्या दोघींना एकमेकींचा जो आधार मिळाला असता तो मिळाला नाही, आणि आईला हे कळलं तेव्हा ती जेवढी रडली तेवढी मी तिला कधी रडताना बघितलेली नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुम्हाला हा की आईंना माहीत नाही हे तुम्ही कशावरून धरून चाललाय? घरात टीव्ही लागला की सून रिमोट उचलते, मुलगा फोनवर घाई करतो, धाकटा "दादा बरा आहे" हे न विचारता सांगतो, नात उन्हाबद्दल विचारते आणि फोन कट होतो. एवढं झाल्यावर शेजारी बसलेली आई गप्प राहिली, तर ती काही न कळल्यामुळे गप्प राहिली असं मला नाही वाटत. कदाचित लेबनॉन हे नाव त्यांना माहीत नसेल. पण पोरगं सांगतोय तिथे नाही आणि जिथे आहे तिथलं सांगण्यासारखं नाही, एवढं त्यांना कळलं असावं. आणि खरं माहीत नसलं की माणूस त्या जागी काहीही भरतो. तुम्ही आहात त्याच्यापेक्षा वाईट ठिकाणी त्या तुम्हाला मनात रोज बघत असतील.

दुसरं, तुम्ही बायकोवर का चिडलात? पोरगा ॲडमिट होता ते लपवलं म्हणून. तिने का लपवलं, तुम्हाला तिकडे टेन्शन नको म्हणून. आणि तुम्हाला काय वाटलं ते तुम्हीच लिहिलंय, "मी बाप असून मला परक्यासारखं ठेवलं." भाऊ, हे वाक्य तुमचं आहे, आता ते आईंच्या तोंडून ऐकून बघा.

आता भावाचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही, बीपी आहे, वय आहे, धक्का बसू शकतो. पण तो कधी बसेल तेही बघा. शेजारची बाई दारात येऊन "तुमचा तो तिकडंच हाय ना वो?" म्हणाली, किंवा बातम्यांत आपला झेंडा आणि निळी टोपी दिसली, तर तो धक्का असा बसेल की त्या वेळी धरायला शेजारी कुणी नसेल आणि वर "मला सांगितलं नाही" हे दुखणं वेगळंच. १० ऑक्टोबरला युनोच्या नाकौरातल्या मुख्यालयाच्या टॉवरवर रणगाड्याचा गोळा पडून इंडोनेशियाचे दोन शांतिसैनिक जखमी झाले, भारत सरकारने त्यावर काळजी व्यक्त केली, ते आपल्या मराठी चॅनलवरही आलं, आणि तेवढा दिवस तुमच्या बायकोने कसा काढला असेल ते तिलाच माहीत. सुट्टीपर्यंत ढकलायचं तर असे अजून किती दिवस काढायचे हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माझं मत विचाराल तर सांगा, आणि सुट्टीची वाट न बघता सांगा.

पण कसं सांगायचं हे महत्त्वाचं आहे. एकट्या बायकोवर टाकू नका, तिने आधीच खूप ओढलंय, आणि उद्या आई "तुला माहीत होतं आणि तू माझ्याशी बोलली नाहीस" असं तिलाच म्हणतील. रात्री तर सांगूच नका, रात्र मोठी असते. भावाला सांगून आधी आईंचं बीपी डॉक्टरांकडून बघून घ्या, गोळ्या वेळेवर चालल्यात ना ते बघा, आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा. मग एखाद्या रविवारी सकाळी, भाऊ घरी असताना, आईंच्या जवळची एखादी बहीण किंवा नणंद सहज आलेली असताना तुम्ही स्वतः फोन करा. इकडे दहा म्हणजे तुमच्याकडे साडेसहा, तुमची ड्युटी बघून वेळ ठरवा. आणि फार गोल गोल बोलू नका. "आई, मी राजस्थानात नाही. मी युनोच्या ड्युटीवर लेबनॉनला आहे. तुला घोर लागंल म्हणून बोललो नव्हतो, ते माझं चुकलं. मी बरा आहे, आता तुझ्याशीच बोलतोय." एवढं पुरे. मग त्या रडतील, रागावतील, फोन सुनेकडे देतील, त्यांना जे करायचं ते करू द्या, लगेच समजूत घालायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी परत फोन करा, हा दुसरा फोन काही झालं तरी चुकवू नका, कारण आईंचे खरे प्रश्न त्या दिवशी येतील.

"तिथं काय धोका नाही" हे मात्र म्हणू नका. ते खरं नाही आणि त्या एका वाक्यामुळे बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वास जातो. त्यापेक्षा सांगता येण्यासारखं भरपूर आहे ते सांगा, कारण ते सगळं जगजाहीर आहे. युनोची ही शांतिसेना १९७८ पासून तिथे आहे, आपली पल्टन १९९८ पासून असते, या २०२४ सालात आपले सुमारे ९०० जवान आहेत आणि सगळ्या देशांचे मिळून दहा हजारांवर. दोन्ही बाजूंच्या मध्ये उभं राहून लक्ष ठेवायचं काम आहे, हल्ला करायला गेलेले नाही आहात. सायरन झाला की बंकरमध्ये जायचं ठरलेलं असतं. आणि हेही सांगा की लेबनॉन हा आख्खा देश आपल्या सातारा जिल्ह्याएवढा आहे, खरंच, दोन्हीचं क्षेत्रफळ साडेदहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास येतं. लेबनॉन आणि इस्रायलच्या मधल्या ज्या निळ्या रेषेवर युनोचे लोक आहेत ती १२० किलोमीटरची. म्हणजे आईंना समजावता येईल की कऱ्हाडला काही झालं म्हणजे फलटणला झालं असं नसतं, बातमीत "लेबनॉनमध्ये हल्ला" आलं तरी कुठे ते आधी बघायचं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, किती सांगायचं. मला वाटतं इथेच तुमची गल्लत झालीय आणि ती बऱ्याच फौजी भावांची होते. न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. कुठली पोस्ट, किती माणसं, गाडी कधी निघते, ड्युटी कधी बदलते, शेजारी काय पडलं, यातलं एक अक्षर घरी सांगायचं नाही, आणि घरच्यांनी विचारायचं नाही. "ते सांगता येत नाही गं" हे वाक्य फौजीच्या घरात कुणालाही लागत नाही, माझ्या आजीलाही लागलं नसतं. पण तो नियम पाळायला राजस्थानची गोष्ट रचायची गरज नसते. नियम तुम्हाला गप्प राहायला सांगतो, खोटं बोलायला सांगत नाही.

बायकोबरोबर कोडवर्ड वगैरे ठरवला असेल तर तोही सोडून द्या. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून आपले हिंदुस्थानी सैनिक घरी लिहायचे की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत, म्हणजे आपले जवान किती पडले आणि गोरे किती उरले ते कळावं म्हणून. आज आपल्याला ते माहीत आहे कारण सेन्सॉरवाल्यांनी ते तेव्हाच ओळखलं होतं. शत्रूला तर काय, आता ऐकायला माणूसही लागत नाही. २०१८ मध्ये पळण्याचा हिशेब ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या नकाशावर जगभरचे लष्करी तळ दिसले होते, बिचारे जवान व्यायाम करत होते फक्त. २०२० मध्ये आपल्या सैन्याने ८९ ॲप काढायला लावली, फेसबुक, इन्स्टाग्राम धरून, ती याच कारणाने. तेव्हा तुमच्या युनिटने फोनबद्दल जे सांगितलंय तेच शेवटचं, माझ्या लिहिण्यात त्याच्या उलट काही वाटलं तर माझं सोडून द्या. आणि घरच्यांनीही तुमचा फोटो स्टेटसला ठेवायचा नाही, मामाने कितीही प्रेमाने "आमचा वाघ" लिहून टाकला तरी काढायला लावायचा. लाईव्ह लोकेशन तर बंदच ठेवा. त्या भागात जीपीएसमध्ये इतकी गडबड चालू आहे की भलतीकडे असलेला फोनही बैरूतच्या विमानतळावर दाखवतो, बायकोने रात्री दोनला ते बघितलं तर तिची झोपच उडेल.

वहिनींनी सप्टेंबरमध्ये "फोन वापरू नका, तिकडे फोन फुटतायत" म्हणून हट्ट धरला होता असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा की १७ आणि १८ सप्टेंबरला फुटले ते पेजर आणि वॉकीटॉकी होते, आत आधीच स्फोटकं भरलेले, आपले साधे मोबाईल नव्हेत. पण त्यांच्या भीतीवर हसू नका, ती बाई दोन महिने एकटीने ही गोष्ट पोटात ठेवून स्वयंपाक करतेय.

फोन कधी करायचा याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. रोज आठला करतो असं वचन देऊ नका, युद्धात ते पाळता येत नाही आणि आठ वाजून पाच मिनिटांनी घरात जे होतं ते फार वाईट असतं. त्यापेक्षा फोन आला नाही तर काय समजायचं, हे ठरवा. "चार दिवस फोन नाही आला तर समजा नेट बंद आहे किंवा आम्हाला वापरायला मनाई आहे, त्याच्यापुढे गेलं तर या नंबरवर विचारा." तो नंबर म्हणजे इथे भारतात तुमच्या पल्टनीचे जे लोक मागे राहिलेत त्यांचा, रिअरचा. निघताना दिला असेलच, पण तो वहिनींच्या मोबाईलमध्ये कुठेतरी सेव्ह असून उपयोग नाही, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवा, खाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर, खाली भावाचा. आणि घरात सगळ्यांना पक्कं सांगा की तुमच्याबद्दल काही खबर असेल तर ती पल्टनीकडूनच येते, व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर येत नाही. कुणी अनोळखी माणूस फोन करून "तुमचे साहेब जखमी आहेत, पैसे पाठवा" किंवा आर्मी नंबर सांगा म्हणाला तर फोन ठेवून रिअरला लावायचा. ज्यांच्या घरचं कुणी आत्ता सीमेवर आहे, जहाजावर आहे, अगदी आखातात नोकरीला आहे, त्यांनीही हा कागद आजच करून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

बोलायला सुचत नाही म्हणता, ते मला सगळ्यात जास्त कळतं. लपवायचं असलं की माणूस तोलून बोलतो आणि तोलून बोलायला लागलं की बोलणंच आटतं, ते सांगितल्यावर आपोआप थोडं मोकळं होईल. शिवाय तुम्ही प्रत्येक फोनला "मी बरा आहे" हे सिद्ध करायला बसता, ते सोडा. घरातली कामं मागून घ्या. शाळू कसा आलाय, कोळपणी झाली का, मोटरचं बिल किती आलं, पोराला कुठल्या अंगणवाडीत घालायचं, यात तुमचं मत विचारायला सांगा आणि त्यावर भांडा सुद्धा. माझे वडील श्रीलंकेतून म्हशीच्या खुराकावर दीड पान लिहायचे, लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा, आता कळतं की त्या दीड पानात ते घरी येऊन गोठ्यात उभे राहत होते. आईंकडूनही काहीतरी मागा. लसणीची चटणी कशी करतेस, आमच्या इथल्या आचाऱ्याला सांगायचीय, असं काही. काळजी करणाऱ्या माणसाला हातात काम लागतं हो, नुसतं "काळजी करू नको" म्हणून कुणाची काळजी थांबल्याचं मी बघितलेलं नाही.

आणि वहिनींशी एक करार करा की घरचं वाईटही तुम्हाला कळवायचं, त्याच दिवशी नाही तर दोन दिवसांत, आणि तुम्ही तिकडून चिडायचं नाही. डेंग्यूबद्दल तुम्ही चिडलात त्याची माफी आधी मागा, मग करार.

मुलीला आजीनंतर लगेच सांगा, त्याच दिवशी, तुम्ही स्वतः. ती चौथीत आहे, तिला पृथ्वीचा गोल कळतो. तुझा प्रश्न बरोबर होता असं तिला स्पष्ट म्हणा, कारण त्या दिवशी फोन कट झाल्यावर आपण काहीतरी चुकीचं बोललो असं ती मनात धरून बसली असेल, लहान पोरं धरतात. तुमचं जुनं मनगटी घड्याळ घरी असेल तर ते साडेतीन तास मागे लावून तिच्याकडे द्या, बाबांची वेळ सांगायचं काम तिचं. मैत्रिणींना "बाबा ड्युटीवर आहेत" एवढंच सांगायचं हेही तिला सांगा, नऊ वर्षांच्या मुली गुपित चांगलं सांभाळतात, मी सांभाळलंय. फक्त ते घरातल्याच माणसापासून सांभाळायला लावू नका.

सांगून झालं की व्हिडिओ कॉल परत सुरू करा, त्याच वेळेला, इकडे दिवे लागलेले असताना आणि तुमच्या खिडकीत ऊन असताना. आणि आई काय म्हणाल्या ते जमेल तेव्हा मला दोन ओळींत कळवा, मी वाट बघतेय.